लिंडाबाई हजर
अंगात येणं, करणी, लिंबू-मिरची... या सगळ्याविरुद्ध मी पत्रकं काढलीत, भर चौकात वाटलीत. त्यामुळे वाचकांच्या गूढ अनुभवांच्या या सदराला लिहिताना माझी मलाच चीड येतेय. पण घडलं ते घडलं.

सुप्याजवळ, हायवेपासून आत आमचं गाव. गेल्या वर्षीची, ९९ सालची गोष्ट. एमआयडीसीतला एक रंगाचा कारखाना सांडपाणी ओढ्यात सोडायचा, ते आमच्या बौद्धवस्तीच्या विहिरीत पाझरायचं. माझी भाची पिंकी ते पाणी पिऊन अंगभर फोडांनी भरली होती. पाणी तपासायचं तर अर्जावर सरपंचांची सही हवी — आणि सरपंच कारखान्याच्या लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या शब्दाबाहेर नव्हते.

माझ्या मावसभावाने, राजूने, पुण्यात कॉम्प्युटरचा क्लास केलेला. त्याने विहिरीची फुकटातली वेबसाइट काढून दिली. फोटो, चार ओळी इंग्रजी आणि खाली गेस्टबुक, म्हणजे बघणाऱ्याने अभिप्राय लिहायची जागा. नगरच्या सायबर कॅफेत आम्ही ते उघडलं तर अभिप्रायांचा पूर! 'ग्रेट साइट, कीप इट अप' — बॉब, स्टीव्ह, लिंडा... आम्ही हरखलो. नव्या पत्रकावर नावं छापली : जगभरातून पाठिंबा!

ग्रामसभेच्या सकाळी राजू पुण्याहून आला, पत्रक वाचलं आणि कपाळाला हात लावून खाली बसला.

"ताई, ही माणसं नाहीत गं. प्रोग्रॅम आहे. दिसेल त्या गेस्टबुकात हेच टाकत सुटतो. खाली जाहिरात नाही बघितलीस? वजन कमी करायच्या गोळ्या."

माझं डोकंच फिरलं. आमची लेकरं या पाण्यापायी वाळून चाललीत आणि हे आम्हाला वजन कमी करायला सांगतात!

आमच्या संघटनेची एक रीत आहे. पत्रकावर ज्याचं नाव, त्याने सभेत पुकारा झाला की उभं राहून 'हजर' म्हणायचं. नुसती नावं छापायला आम्ही काय पुढारी आहोत? म्हणून चावडीसमोर मी आधीच उठून सांगितलं — परदेशी नावं चुकून पडलीत, ती खोडा.

कॉन्ट्रॅक्टर हसला. "मग पोरांच्या अंगावरचे फोडबी चुकूनच पडले आसतील. पुकारा तुमचीच रीत हाय ना, बाई? मग हुंद्या की." आणि स्वतःच पत्रक धरून ओरडला, "लिंडाबाई... हायती का कुठं?"

सभा खदाखदा हसली. सरपंचांनी पेनाला टोपण घातलं. पिंकीला कडेवर घेऊन माझी बहीण मागे उभी होती, तिने मान खाली घातली.

तेवढ्यात समोरच्या एसटीडी बूथमध्ये फोन वाजला. बूथवाले बबनमामा वायर ताणत रिसीव्हर घेऊन दारात आले.

"सुजे, फोन हाय. कुनीतरी लिंडा म्हनती."

माझ्याआधी कॉन्ट्रॅक्टरच पुढे झाला. त्याने कानाला लावला, ऐकलं, चेहरा पांढराफटक पडला आणि त्याने रिसीव्हर सरपंचांच्या हातात दिला. सरपंचांनी ऐकलेलं नंतर चारचौघांत सांगितलं : म्हातारी बाई, बोली आपल्याच भागाची. म्हणाली, "हजर हाय. आधी इहीर बघा."

मी घेईपर्यंत रिसीव्हरमध्ये फक्त किर्रर्र... कॅफेत इंटरनेट लागताना येतो, अगदी तसा आवाज.

सरपंचांनी तिथंच सही केली. पाणी तपासलं, पिण्यालायक नाही असा शेरा आला, सांडपाण्याचा पाइप बंद झाला, वस्तीला टँकर सुरू झाला. पिंकीची कातडी निवळली. आता दिवसभर वस्तीत हुंदडते, ओरडून ओरडून माझा घसा बसतो. बसू दे.

बूथचा नंबर वेबसाइटवर कुठंच नव्हता. राजू माझ्या शेजारीच उभा होता. बबनमामांनी तो आवाज आधी कधी ऐकलेला नव्हता, आणि आमची चेष्टा करायला कॉन्ट्रॅक्टरनेच फोन लावून घेतला म्हणावं, तर तो काही स्वतःचा चेहरा पांढरा पाडून घेणार नाही. मी सगळ्यांना खोदून खोदून विचारलं.

पुढच्या पत्रकातून बॉब काढला, स्टीव्ह काढला. तिसरं नाव खोडायला पेन उचललं तर बहिणीने हात धरला. म्हणाली, "ती हजर हुती की."