डॅनियलकाकांचा एक माणूस

परदेशातून येताना लोक घड्याळं आणतात, नायलॉनच्या साड्या आणतात. आमची मंडळी मॉरिशसहून आली ती किस्से घेऊन! तिथे राहिलो जेमतेम तीन आठवडे. पण दर रविवारी उपासना आटोपून चर्चच्या व्हरांड्यात चहाचे कप हातात आले, की एक तरी नवा किस्सा निघायचाच. पाद्रीसाहेब म्हणायचे, "अरे, एवढं घडायला आपण तिथे सहा महिने होतो का?" मी सांगतो, घडलं ते घडलंच. थोडी फोडणी माझी.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर गेलेल्या मराठी माणसांची पतवंडं अजून घरात मराठी बोलतात, असं कळलं आणि आमच्या नागपूरच्या चर्चने ठरवलं, शुभवर्तमान सांगायला तिकडे माणसं पाठवायची. निघालो चौघं. पाद्रीसाहेब प्रमुख, रत्नाबाई रिटायर्ड नर्स, डॅनियलकाका, आणि तबल्यावर मी. खरं सांगतो, मला बोटीत बसायचं होतं. चर्चमध्ये जन्मलो, तिथेच वाढलो, पण शुभवर्तमानाशी माझा संबंध ठेक्यापुरता.

काकांचं तसं नव्हतं. तीस वर्षं ते सायकलवर मौदा, कन्हान, रामटेक अशी गावं फिरून येशूची गोष्ट सांगत होते. लोक ऐकायचे, चहा पाजायचे आणि रामराम करून निरोप द्यायचे. काकांचं ऐकून विश्वास ठेवला, असा एकही माणूस तीस वर्षांत निघाला नव्हता! आम्ही त्यावरून त्यांना भरपूर चिडवायचो. पण बोट सुटताना कठड्याला टेकून ते मला म्हणाले, "एक पाहिजे गा मले. एकच. मंग मी मोकळा." तेव्हा मला हसू आलं नाही.

*

बोटीवर काकांना पहिलं गिऱ्हाईक भेटलं, एक गुजराती शेठ. काकांनी त्याला येशूने वादळ शांत केल्याची गोष्ट सांगायला घेतली आणि तेवढ्यात खरोखरचं वादळ सुरू झालं!

शेठ पोट धरून म्हणाला, "आपका येशू तूफान रोकता है ना? तो बोलो उसको!"

काका स्वतः पिवळे पडले होते. तरी म्हणाले, "रोकता है शेठजी. पण उस टाइम वो नाव में सोया था. पहले उठाना पडता है!"

मग दोघंही एकाच कठड्याला लटकले आणि एकाच समुद्राला जे द्यायचं ते देऊन मोकळे झाले.

सकाळी पाणी तळ्यासारखं शांत. शेठ डोळे मिचकावत म्हणाला, "लगता है, उठ गया!" काकांनी लगबगीने पिशवीतून येशूच्या गोष्टींची पुस्तिका काढली. शेठने ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि बदल्यात डबाभर खाकरे दिले. पुढच्या बंदरात तो उतरून गेला.

"एक नाही भेटला," काका खाकरा मोडत म्हणाले, "पण नाश्त्याची सोय झाली."

*

मॉरिशसच्या बंदरावर आमची झडती झाली. आम्ही नागपूर सोडलं ते मे महिन्यात. लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायचा, हे आमच्याकडे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. पण मॉरिशसमध्ये तेव्हा थंडी असते, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. काका पावसाच्या भुरभुरीत कुडकुडत उभे, आणि अधिकाऱ्याने त्यांच्या कोटातून एकामागून एक तीन कांदे काढले!

बाहेरचा भाजीपाला बेटावर न्यायला बंदी. अधिकाऱ्याने इंग्रजीत विचारलं, धर्मप्रचारकाच्या खिशात हे कशाला? पाद्रीसाहेबांनी प्रश्न मराठीत सांगितला.

"सांगा त्याले," काका म्हणाले, "देवावर भरोसा हाय, उन्हावर नाही!"

पाद्रीसाहेबांनी ते शब्दशः सांगितलं. अधिकारी पोट धरून हसला आणि कांदे त्याने जप्त केलेच. काकांनी संधी साधून त्याच्यापुढे पुस्तिका धरली. त्याने तीही कांद्यांच्याच ट्रेमध्ये टाकली.

*

रत्नाबाईंनी बीपीचं मशीन सोबत आणलं होतं. साखर कारखान्याच्या वस्तीत आमची सभा होती. पाद्रीसाहेब पोहोचले तर पन्नासेक बायका रांगेत! साहेबांचा चेहरा उजळला. जवळ जाऊन बघतात तो रांग रत्नाबाईंच्या स्टुलासमोर.

साहेब हळूच म्हणाले, "बाई, आधी प्रवचन करून घेऊ का? मग बीपी बघा."

रत्नाबाईंनी रबरी फुगा दाबत मानही वर केली नाही. "आधी बीपीच बघू द्या साहेब. प्रवचनानंतर खरं येत नाही!"

*

एका म्हाताऱ्या आजींच्या घरी काकांनी उधळ्या पोराची गोष्ट सांगितली. पोरगा बापाकडून आपला वाटा घेऊन जातो, सगळं उडवतो, फाटक्या कपड्यांत परत येतो आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. काका ही गोष्ट फार सुंदर सांगतात. बाप धावतो तिथे ते स्वतः दोन पावलं धावतात.

आजी डोळे पुसत म्हणाल्या, "सगळं खरं. पण आई कुठे होती?"

तीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्या दिवशी ते जेवले नाहीत धड. दुसऱ्या दिवशी सकाळी मला ओढत पुन्हा त्याच घरी घेऊन गेले आणि दारातूनच म्हणाले, "माय, आई चुलीपाशी होती वं! पोरगं येईन म्हणून रोज त्याच्या वाट्याचं रांधत होती. म्हणून तर बाप वेळ न दवडता पंगत बसवू शकला."

आजींनी मान डोलावली. "मग हे सोडून का सांगता? पूर्ण सांगत जा."

विश्वास वगैरे राहिलाच. पण तेव्हापासून काका पूर्ण सांगतात.

*

दुसऱ्या आठवड्यात तिथल्या तरुणांची सभा होती. सभेआधी जेवण ठेवलेलं. काकांनी हट्टाने आपल्या हाताने नागपुरी तिखटजाळ सावजी रस्सा केला. पोरं बिचारी बेटावरची. पहिल्या घासाला शांत झाली, दुसऱ्याला लाल, आणि तिसऱ्याला एकूण एक जण घळाघळा रडायला लागला. कोणी डोकं धरलेलं, कोणी गुडघ्यांवर आलेला.

नेमके तेव्हाच पाद्रीसाहेब आत आले. दारातच थबकले, दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "प्रभू, तुझे उपकार! पश्चात्ताप उतरला!"

काका पातेल्यामागून म्हणाले, "साहेब, थांबा. पश्चात्ताप नव्हे, सावजी उतरला. पाणी आणा पयले!"

*

शेवटच्या रविवारी संध्याकाळी निरोपाची सभा. थंडीने पाद्रीसाहेबांचा आवाज पार बसला, म्हणून बोलायला काका उभे राहिले. त्यांना एवढ्या मोठ्या हॉलची सवय नव्हती. हातातला कागद एकदा उघडून बघितला. मग त्यांनी तो घडी करून खिशातच ठेवला.

"मी शिकेल माणूस नाही," ते म्हणाले. "तीस वर्षं झाले, सायकलवर हिंडून राहिलो. लोकायनं मले नाही म्हटलं, हसून नाही म्हटलं, कुत्रंबी सोडलं एकदा. तरी सकाळ झाली का मी सायकल काढतो. बायको विचारते, काहून? मी म्हणतो, मले तो आवडते. बस. दुसरं कारण नाही मायापाशी. तीस वर्षांत एका दिवशीबी त्यानं मले एकटं सोडलं नाही."

एवढंच. पाच मिनिटंही झाली नसतील.

अशा सभेची आमच्याकडे रीत असते. शेवटी सगळ्यांनी डोळे मिटायचे. ज्याला येशूला आपलं म्हणायचं आहे, त्याने मुकाट्याने हात वर करायचा. बघायचं फक्त बोलणाऱ्याने, म्हणजे कोणाला संकोच नको. काकांनी तसं सांगितलं. सगळ्यांनी डोळे मिटले. मी तबल्यापाशी मान खाली घालून बसलेलो.

मग काकांच्या चपला वाजल्या. हॉलकडे जातील असं वाटलं, पण त्या व्यासपीठावरच, माझ्या दिशेने आल्या. ते माझ्याजवळ वाकले आणि कानात म्हणाले, "हात खाली कर गा. दुसऱ्या कोनाचाच हात वर नाही, अन् तू तं आपलाच हायेस."

मी म्हटलं, "नाही काका. मले मोजा."