डोकं नसलेले ससे

जूझा ससा विकत घ्यायची ती आधी त्याचं तोंड बघून. सोलल्यावर ससा काय आणि मांजर काय, सारखंच दिसतं. म्हणून माल्टात बिनडोक्याचा ससा कुणी घेत नाही. पण जूझाचं बघणं म्हणजे पोलीस तपास. शिकारी दारात आला की ती सशाचे डोळे बोटानं उघडायची, ओठ वर करून दात बघायची, मग पोटाला नाक लावून हुंगायची.

"मावशी, लग्न लावायचंय का त्याच्याशी?" शिकारी वैतागायचे.

"तुझ्यापेक्षा बरा दिसतो की," ती म्हणायची, आणि पटला नाही तर पाय धरून परत द्यायची.

डिंगलीच्या कड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचा छोटासा बार. आठवडाभर म्हातारे येऊन पत्ते कुटायचे. रविवारी मात्र लांबलांबून गाड्या यायच्या, जूझाचा रानससा खायला. आधी त्याच्या रश्श्यातली स्पॅगेटी, मग लसूण आणि वाइन घालून तळलेला ससा. पाळीव ससा कोंबडीसारखा पांढरा नि मऊ. रानातला काळपट, चिवट, त्याला कड्यावरच्या झुडपांचा उग्र वास. त्या वासासाठीच लोक मरायचे.

जूझाला तो वास सहन व्हायचा नाही. लहानपणी बाप ससा सोलायचा तेव्हा मागचे पाय हिनं धरायचे. बाप कातडं खाली ओढायचा, आणि ओल्या पायातून मोजा काढावा तसा आवाज यायचा. फर्रर्र. तो आवाज तिच्या कानातून कधी गेलाच नाही. ती ससा खायची नाही. रस्सा जिभेच्या टोकाला लावायची, मीठ कळलं की बेसिनमध्ये थुंकायची. लोक डोकं फोडून मेंदू चोखायला लागले, हनुवटीवरून तेल गळायला लागलं, की ही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी. नवरा लवकर वारला, बार तेवढा ठेवून गेला. दुसरं काही येत नव्हतं, म्हणून ससे शिजवले. पण शिजवले ते असे, की जेवणाऱ्याला हिच्या तोंडावरून कधी कळलं नाही.

एकाच माणसाचा ससा ती न बघता घ्यायची. तिचा धाकटा भाऊ विस्टिन. आई गेली तेव्हा विस्टिन रांगत होता, हिनं त्याला कडेवर वाढवला, पाव कापून भरवला; अजूनही त्याचा पाव हीच कापून द्यायची. मोठा होऊन तो शिकारी झाला. बिळात फेरेट, म्हणजे मुंगसासारखं पाळलेलं जनावर, सोडायचा, तोंडाशी जाळं लावायचा, आणि बारमध्ये येऊन पकडलेल्या प्रत्येक सशाची गोष्ट सांगायचा. गावात त्याला कुणी फेकू म्हटलं, तर जूझा त्या माणसाची बाटली उचलून आत न्यायची. "दुसरीकडे जाऊन पी."

त्या उन्हाळ्यात रानात सशांना रोग आला. डोळे सुजून बंद व्हायचे, नाकातून पू गळायचा. शिकाऱ्यांनी जाळी घडी करून ठेवली. जूझानंही रविवारी सशाऐवजी मॅकरोनी ठेवली. आणि नेमकं तेव्हाच विस्टिननं होणाऱ्या व्याह्यांना जेवायला बोलावलं. त्याच्या मुलीचं, लोरेटाचं, लग्न ठरत होतं. मुलाचा बाप साल्वू, दगडाच्या खाणीचा मालक. विस्टिन त्याला छातीवर हात मारून म्हणाला होता, "रोगबीग तुमच्या बाजूला. मी मारलेला ससा खाऊन बघा, मग बोलू."

रविवारी सकाळी तो मागच्या दारानं आला, ओट्यावर पिशवी ठेवली. "ताई, सहा आहेत. पटकन टाक, ते लोक एक वाजता येतायत."

पिशवी उघडल्या उघडल्या जूझा मागे सरकली. सोललेले सहा ससे. एकालाही डोकं नाही. मांस काळंनिळं, रक्त अंगातच राहिलेलं. मांडीवर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला. आणि वास. तो झुडपांचा नव्हता. बंद गटाराचं झाकण उघडल्यासारखा.

"डोकी कुठायत?"

"कुत्र्यानं खाल्ली."

"सहाच्या सहा?"

"आता तू माझी उलटतपासणी घेणार का? लसूण टाक, वाइन टाक. कुणाला कळतंय?"

"विस्टिन. माझ्याकडे बघ. कसे मारले?"

तो फरशीकडे बघायला लागला. पन्नाशीचा बाप्या, आणि खालचा ओठ लहानपणी असायचा तसाच पुढे आलेला.

"मारले नाहीत," तो म्हणाला. "शेताच्या बांधावर बसले होते. दिसत नव्हतं त्यांना. पळालेच नाहीत गं. नुसते उचलले. दोन तर आधीच…"

"बास!"

जूझा बेसिनवर वाकली. पोटात काही नव्हतं, तरी ओकारी आली. तोंड धुतलं तरी घशात ते पिवळं पाणी. तो मागे उभा राहून हळू आवाजात सांगत होता, "ताई, साल्वूसमोर माझी लाज जाईल. पोरीचं लग्न आहे. माणसाला लागत नाही तो रोग, सगळे सांगतात."

"मेलेलं जनावर गोळा करून पोरीच्या सासरच्यांना चारतोस? तुला घाण नाही वाटत?"

"वाटते की. पण मी मॅकरोनी खाईन, पोट बिघडलंय म्हणेन."

हे ऐकून तिला सशांची आली नव्हती तेवढी शिसारी भावाची आली. तिनं हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या, सहाच्या सहा बादलीत कोंबले, वर ब्लीच ओतलं आणि बादली अंगणात नेऊन ठेवली.

पाहुणे आले. साल्वू, त्याची बायको कॉन्चेटा, मुलगा, आणि त्यांच्याबरोबर लोरेटा. पाव आणि वाटलेले वाल टेबलावर गेले. सगळे सशाची वाट बघत होते. जूझा हात पुसत बाहेर आली. भावाला उघडं पाडायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं.

"माफ करा," ती म्हणाली. "ससा नाही. फ्रीज बंद पडला माझा, सगळं खराब झालं. चूक माझी."

"अगं बाई!" कॉन्चेटानं नाक मुरडलं. "पाहुणे बोलवायचे तर आधी फ्रीज बघावा ना."

झालं असतं एवढ्यावर. पण विस्टिनच्या जिवात जीव आला आणि जीभ सुटली.

"ताईचं आता वय झालं," तो हसत म्हणाला. "काय ससे होते, साल्वू! एकेक असा पळत होता, माझी छाती फुटायची वेळ आली. आणि हिनं वाया घालवले!"

साल्वू हसला. कॉन्चेटाही हसली. लोरेटा हसली नाही.

"आत्याच्या किचनमध्ये कधी काही खराब होत नाही," ती म्हणाली.

"झालं ना आता," कॉन्चेटा म्हणाली.

"नाही होत! तिला नावं ठेवायची नाहीत. मी सांगून ठेवते, लग्न झालं तरी मी ऐकून घेणार नाही."

मुलानं लोरेटाचा हात धरला, तिनं झटकला. कॉन्चेटाचा चेहरा लाल झाला. विस्टिन आपला वाइन ओततोय. पोर एका खोट्यासाठी सासूशी भांडायला उठली होती, आणि बाप ग्लास भरत होता. जूझानं हातातलं फडकं टेबलावर ठेवलं.

"ते पळाले नाहीत," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"रोगानं आंधळे झाले होते. यानं हातानं उचलले, डोकी कापून आणले. मी फेकून दिले. फ्रीज चांगला आहे."

कॉन्चेटानं आज ससा तोंडात घातलाच नव्हता, तरी रुमालानं ओठ खसाखसा पुसले. साल्वूनं वालाची वाटी हळूच लांब सरकवली.

"ईस्टरला इथे खाल्ला तो?" त्यानं विचारलं.

"त्याला डोकं होतं. तुम्हीच फोडून खाल्लंत."

साल्वूनं मान हलवली. मग खुर्ची सरकवून उठला. बायको मागोमाग निघाली. मुलगा दारात थांबून लोरेटाला म्हणाला, "संध्याकाळी फोन करतो."

"कर नाहीतर नको करूस," लोरेटा म्हणाली.

गाडी गेल्यावर विस्टिन म्हणाला, "झालं समाधान? भाऊ आहे मी तुझा."

"म्हणूनच खोटं बोलले होते. तुला तेवढंही पुरलं नाही."

ती आत गेली. ओटा मीठ-लिंबानं घासला. हात घासले. परत हुंगले, परत घासले. वास नखांत बसला होता. लोरेटा आत येऊन स्टुलावर बसली.

"भूक लागलीय, आत्या."

जूझानं तवा ठेवला, अंडी फोडली. बाहेर विस्टिन रिकाम्या टेबलाशी एकटाच बसला होता. बाटलीवरचा कागद नखानं खरवडत होता.

"बाबालाही दे काहीतरी," लोरेटा हळूच म्हणाली.

जूझानं तव्यातली अंडी उलटली. मग आणखी दोन अंडी फोडली. तळून बशीत घातली आणि लोरेटाच्या हातात दिली.

"जा, ठेव त्याच्यापुढे. आणि म्हणावं, ताई सांगते, पाव तुझा तू काप. आज तुझ्या हाताला माझा हात लागायला नको."