घर बसून बघणारा

कोणाच्याही घरात शिरला की तो आधी खाली बसायचा. सतरंजी आहे का, पाट मांडलाय का, काही बघायचा नाही. डोक्याचं मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवायचा, उकिडवा बसायचा आणि मान फिरवत फिरवत सगळं घर न्याहाळायचा. आपण उभे असलो तर हातानं खूण करायचा, "बसा मास्तर. उभ्यानं घर कळत नाय."

मी जव्हारला संस्थानच्या शाळेत मास्तर होतो तेव्हाची ही गोष्ट. तो मोखाड्याच्या पलीकडचा, खोडाळ्याच्या वाटेवरच्या एका पाड्यातला. नागली आणि भात पिकवायचा आणि उरलेल्या दिवसांत लोकांची घरं उभी करून द्यायचा. सुतार म्हणाल तर तो जातीनं सुतार नव्हे, आणि गवंडी म्हणाल तर चुन्याला त्यानं कधी हात लावला नाही. पण खांब कुठं रोवायचा, कारवीच्या काटक्यांची भिंत, म्हणजे कुड, कुठून कुठवर घ्यायचा, चुलीचा धूर कुठल्या बाजूनं काढायचा, हे जव्हारात त्याला विचारल्याशिवाय सहसा कोणी ठरवत नसे. तयार घर विकत घ्यायचं असलं तरी लोक त्याला सोबत नेत. बैल घेताना जाणत्या माणसाला नेतात ना, तसे. सगळे त्याला नुसतं 'बाबा' म्हणत. वय विचारलं की तो डोंगराकडे हात करायचा. त्यातून काय समजायचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

दरबारातल्या एका अंमलदारांनी नवा बंगला बांधला आणि मोठ्या हौसेनं त्याला बघायला बोलावलं. मीही होतो तिथं, फुकटचा चहा सोडतो कोण! दिवाणखान्यात मुंबईहून आणलेल्या खुर्च्या दाटीवाटीनं मांडलेल्या. हा त्यांच्या मधोमध जमिनीवर बसला, चारी बाजूंनी खुर्च्यांचे पाय बघितले आणि म्हणाला, "साहेब, खुर्च्यांची सोय झाक झाली. माणसं कुठं ऱ्हाणार?" अंमलदार हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. चहा मात्र आम्हाला अर्धाच कप मिळाला.

एकदा खोडाळ्याच्या बाजाराला गेलो असताना मी वाट वाकडी करून त्याच्या पाड्यावर गेलो. म्हटलं, दुसऱ्यांच्या घरात एवढ्या चुका काढतो, याचं स्वतःचं घर बघू तरी. एकच मोठी खोली. एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्यात नागलीची कणगी, तिसऱ्यात शेळ्या, चौथ्यात म्हातारी नातीच्या उवा मारत बसलेली.

"बाबा, घराला खोल्या किती?" मी आपलं मुद्दाम विचारलं.

"येकच की."

"मग भांडणबिंडण झालं तर?"

"तं बाहेर डोंगर हाय ना मोकळा!"

तर असा हा माणूस, आणि मला घर घ्यायचं होतं. आयुष्यातलं पहिलं. सहा वर्षं आम्ही नवराबायको एकाच्या मागच्या पडवीत भाड्यानं राहत होतो. तिथं पाऊस लागला की चूल फिरवायची, वारा फिरला की अंथरूण फिरवायचं. त्या सहा वर्षांत आम्ही दोघांनी मनातल्या मनात एकेक घर बांधून ठेवलं होतं, आणि ती दोन घरं एकमेकांत बसायला तयार नव्हती. मला हवी होती बैठकीची खोली. तिच्यात टेबल, टेबलावर तपासायच्या वह्या आणि समोर येऊन बसलेले हेडमास्तर. बायकोला हवं होतं माजघर, म्हणजे आल्यागेल्याची नजर थेट चुलीवर पडायला नको. रोज जेवताना आम्ही भिंती इकडच्या तिकडे हलवायचो आणि रोज भाजी गार व्हायची.

आणि घर घ्यायचं होतं ते खरं म्हणजे आईसाठी. आई माझ्या थोरल्या भावाकडे खाली वसईच्या बाजूला असे. आठ वर्षांपूर्वी तिची दृष्टी गेली. भाऊ-भावजय भली माणसं, तिला काही कमी पडू देत नसत. पण घर पायऱ्या-पायऱ्यांचं, कोनाकोपऱ्यांचं. त्यामुळे तिला एका खाटेवर बसवून ठेवत आणि कुठंही जायचं म्हटलं की कोणीतरी हात धरून नेत. मी जव्हारला यायला निघालो तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "तुझं घर झालं की ने रे मला." आता तुम्हाला खरं सांगतो, टेबलाच्या नादात मी तिला विसरलो होतो. म्हणजे ती येणार हे माहीत होतं, पण ती घरात चालणार कशी, हे डोक्यातच आलं नव्हतं.

बाजारपेठेत एक पाचखणी घर विकायला निघालं. एका लाकडाच्या ठेकेदाराचं होतं, तो गाव सोडून चालला होता. घर काय सांगू तुम्हाला! नक्षीचे खांब, रुंद ओसरी, बैठकीची खोली, माजघर, आणि तीन पायऱ्या उतरून खाली प्रशस्त स्वयंपाकघर. बायकोचं घर आणि माझं घर अखेर एका छपराखाली आलं. मी उत्साहानं चौकड्यांच्या कागदावर नकाशाच काढला आणि बाबाला दाखवला. त्यानं तो उलटा धरला, सुलटा धरला आणि विचारलं, "ह्यात वारा कुठनं येतो?" मी नकाशा घडी करून खिशात ठेवला.

घर बघायला आम्ही तिघं गेलो. ठेकेदाराचा मुनीम किल्ल्या घेऊन उभा होता. बाबा रिवाजाप्रमाणे बैठकीच्या खोलीत खाली बसला आणि म्हणाला, "हितं ऱ्हाणार कोण कोण?"

"मी, ही, आणि माझी आई येणार आहे."

"आय चालती-फिरती हाय?"

"चालते, पण तिला दिसत नाही."

तो नुसता बैठकीच्या खोलीपासून आतल्या दारांकडे बघत राहिला. मला ते बघणं नडलं. मी म्हणालो, "अहो, तिला कुठं फिरायचंय? माजघरात खाट टाकू, बसेल सुखानं एका जागी."

"मंग आणता कशाला तिला?" बाबा म्हणाला. "बसलीच हाय की तिथं."

एवढं बोलून तो उठला, गुडघ्यावरचं मुंडासं उलगडलं आणि माझ्या डोळ्यांवर करकचून बांधलं. मी 'अहो अहो' करेपर्यंत गाठही बसली.

"जावा आता परसात. आणि या माघारी."

मला वाटलं, त्यात काय! घर तर मला पाठ होतं, नकाशा मीच काढला होता. पहिल्या उंबऱ्याला अंगठा ठेचकाळला. दुसरा उंबरा ध्यानात ठेवून पाय उंच उचलला, तर वरची चौकट कपाळावर आली. माजघरात मी गोल फिरलो असणार, कारण हात पुढं करून पकडला तो मुनीम निघाला. शेवटी स्वयंपाकघराचं दार सापडलं आणि त्या तीन पायऱ्यांपैकी तिसरीवर मी न ठरवता बसलो. बायको तोंडात पदराचा बोळा कोंबून हसत होती ते मला ऐकू येत होतं.

नेमके तेव्हाच हेडमास्तर रस्त्यानं चालले होते. उघडं दार बघून आत डोकावले.

"मास्तर! हे काय चाललंय?"

"घर बघतोय साहेब," मी डोळ्यांवर मुंडासं बांधलेला, पायरीवर बसून म्हणालो. ते आल्या पावली निघून गेले. पुढं शाळेत त्यांनी हा विषय कधीच काढला नाही, म्हणजे बघा.

हसणं आधी बायकोचं थांबलं. ती खाली आली, माझ्या शेजारी त्याच पायरीवर बसली आणि गाठ सोडता सोडता म्हणाली, "दुसरं बघू या आपण." माजघर सोडताना तिला काय वाटलं असेल ते मला माहीत आहे. ती मुनिमाला दार नीट लावून घ्यायला सांगत होती आणि मागं वळून बघत नव्हती.

दुसरं घर बाबानंच दाखवलं. आडगल्लीतलं, तीनखणी, सरळ रेघेत बांधलेलं. ओसरी, ओसरीला लागून स्वयंपाकघर, त्यामागं परस. पायरी एकही नाही. पुढच्या दारात उभं राहिलं की चूल दिसे, चुलीच्या बाजूनं मागचं दार आणि त्या दारातून शेजाऱ्यांची म्हैस.

"इश्श! रस्त्यावरनं माझी आमटी दिसेल लोकांना," बायको म्हणाली.

"बाय, बसा तं खरं चुलीपाशी. भाकर थापा."

ती बसली आणि पीठ नसताना दोन भाकऱ्या थापल्या. बाबा ओसरीवर बसून बघत होता. मग उठून त्यानं जमिनीवर काडीनं रेघ ओढली. "हितं कंबरेइतका कुड घालतो. तुम्ही बसल्याव दिसणार नाय. आणि बाजूची वाट सरळच ऱ्हाईल." बायकोनं त्या रेघेमागं आणखी एक भाकरी थापून बघितली आणि मान डोलावली.

"आणि माझं टेबल?" मी विचारलं.

त्यानं ओसरी हातानं मापली, पुन्हा मापली. "टेबलाला चार पाय असत्यात मास्तर. त्यातला येक तरी आयच्या वाटंत येनारच." झालं! टेबल गेलं. वह्या मी आयुष्यभर मांडीवर तपासल्या, आणि माझं अक्षर वाकडं का, याचं कारण अजून मी हेच सांगतो.

घर आमचं झाल्यावर तो पंधरा दिवस राबला. आतल्या दाराचा उंबरा उपटून टाकला. पुढचा उंबरा पूजेला लागतो म्हणून बायको अडून बसली, तेव्हा तो ठेवला, पण तासून तासून दोन बोटं उरवला. मग त्यानं एक गंमत केली. घर उभारताना कोणता वासा कोणत्या खांबावर बसवायचं हे कळायला ही मंडळी लाकडावर खाचा पाडतात. लिहिता येत नसलं तरी त्यामुळे चूक होत नाही. तशा खाचा त्यानं हाताला लागतील अशा उंचीवर खांबांवर पाडल्या. चुलीकडच्या खांबाला एक, पाण्याच्या हंड्यापाशी दोन, मागच्या दाराशी तीन. त्या खाचा बघून शेजारीपाजारी म्हणायला लागले, मास्तरांनी नव्या घरात जुने खांब लावले. म्हणेनात का!

आई बैलगाडीनं घाट चढून आली. अंग आंबून गेलं होतं तिचं. त्या दिवशी बाबाही पाड्यावरून चालत आला होता. ओसरीवर तंबाखू मळत बसून राहिला होता. मी आईचा हात धरून तिला पुढून मागपर्यंत नेलं, खाचा दाखवल्या. तिनं प्रत्येक खाचेवरून दोनदा बोट फिरवलं. मागं फिरताना ती म्हणाली, "सोड."

मी हात धरूनच होतो, सवयीनं.

"अरे, सोड म्हणते ना!"

मी सोडला. मी आणि बायको भिंतीला चिकटून उभे. आई खांबाला हात लावत ओसरीपर्यंत आली, थांबली आणि म्हणाली, "कोण बसलंय? तंबाखूचा वास येतोय."

"मी, आय. घर म्या केलं."

आई वळली. दोन खाचांच्या खांबापाशी गेली, चाचपून तांब्या घेतला, हंड्यातलं पाणी भरलं आणि त्याच्यापुढं नेऊन धरलं. आमच्याकडे त्याच्यासाठी वेगळा पेला वळचणीला ठेवलेला असे. तेव्हा सगळ्यांकडेच असे, पण सांगताना आज लाज वाटते. आईनं दिला तो आमचा रोजचा घरातला तांब्या. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. बाबानं दोन्ही हातांनी तो घेतला आणि एका दमात रिकामा केला. आठ वर्षांत आईनं आपल्या हातानं कोणाला पाणी दिलं नव्हतं. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलंही नाही. तो पेला पुढं आम्ही वळचणीवरून काढून टाकला.

त्यानंतर बाजाराच्या दिवशी तो आमच्याकडे यायचाच. दोघं ओसरीवर बसत. आईची बोली किनाऱ्याची, त्याची डोंगरातली. निम्मं एकमेकांना कळत नसे, पण गप्पा तासन्‌तास चालत. वयानं तो आईहून मोठा असला पाहिजे, तरी तिला 'आय'च म्हणायचा. आई त्याच्यापाशी माझ्या तक्रारी करायची आणि तो म्हणायचा, "मास्तर हाय तो. बसवून शिकवावा लागतो." असं माझं कौतुक चाले, माझ्याच घरात.

एका उन्हाळ्यात लागोपाठ तीन बाजार तो आला नाही. चौथ्या बाजाराला त्याच्या पाड्यावरचा एक जण भेटला. म्हणाला, ताप भरला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं.

आईला कसं सांगावं या विचारात मी घरी आलो. ती दारातच बसली होती. मी काही प्रस्तावना करायला गेलो, पण जमलं नाही, एकदम सांगून टाकलं. तिनं ऐकलं आणि उठली. बायको हात धरायला पुढं झाली.

"नको ग," आई म्हणाली. "मी जाते माझी."

ती घरातून सरळ चालत परसात गेली आणि मागचं दार तिनं बाहेरून ओढून घेतलं. आम्ही दोघं आत थांबलो. बऱ्याच वेळानं तिचं रडणं ऐकू आलं, अगदी मोठ्यानं, मोकळं. भावाकडे आठ वर्षं तिचा हात कोणी ना कोणी धरलेला असायचा, तेव्हा ती अशी रडल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. मी ते दार उघडलं नाही.