लताच्या वाटणीच्या भाकरी

बायको गेली की माणूस वाळतो, अशी आपल्याकडे सगळ्यांची पक्की समजूत. डोळे खोल जायला हवेत, शर्ट ढगळ व्हायला हवा, मगच लोकांची खात्री पटते की हं, दुःख झालंय खरं. जयराम ड्रायव्हरचं उलटंच झालं. सत्त्याहत्तर साली त्याची बायको लता कावीळ होऊन आठ दिवसांत गेली, आणि पुढच्या दीडेक वर्षात हा गडी असा फुगला की खाकी शर्टाची पोटावरची दोन बटणं लागेनात. आता नळावरच्या बायका गप्प बसतील होय? शेजारची धोंडाबाई तर त्याला नेमकं ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "भाऊंना एकटेपण चांगलंच मानवलंय गं बाई!"

जयरामला ऐकू जायचं. पण वाटायचं काहीच नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसांत त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. लता गेली त्या रात्री तो सुरगाण्याला मुक्कामाच्या एसटीवर होता. सकाळी गाडी घेऊन नाशकात आला तर वस्तीतली चार माणसं स्टँडवर उभी. घरी आला, तिला बघितलं, त्रिसरण-पंचशील झालं, सगळं रीतसर उरकलं, आणि आठवड्याभरात तो पुन्हा कामावर गेला. रडला नाही. लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे. कसला धीर न् कसलं काय! दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात तेव्हा गाल जसा आपला राहत नाही, तसा तो सगळाच्या सगळा झाला होता.

आता त्याच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी, तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. जयरामचे वडील कारभारीबाबा छप्पन साली बौद्ध झाले, ते घरातले देव गोदावरीत सोडूनच. म्हातारा भारी कडक. त्यानं घराला दोन गोष्टी घालून दिल्या. एक, मेलेल्या माणसाच्या नावानं घास काढायचा नाही. कावळ्याला नाही, गाईला नाही, कोणालाच नाही. आणि दुसरी, घरच्या बाईनं पुरुषाच्या मागून उरलंसुरलं खायचं नाही. दोघांची ताटं एकदम वाढायची, दोघांनी एकदम जेवायचं. लता नवी नवरी होऊन आली तेव्हा पहिल्या दिवशी लाजेनं तिच्या घशाखाली घास उतरेना. सासरा समोर बसून म्हणाला, "जेव बाई, तुझंच घर आहे." तेव्हापासून जयराम घरी असला की दोन पाट, दोन ताटं. मूलबाळ झालं नाही, त्यामुळे ती कायम दोनच राहिली.

लता गेल्यावर जयराम स्वतः रांधायला लागला. पीठ घ्यायचा तिच्याच वाडग्यानं, काठोकाठ. त्याच्या चार भाकरी व्हायच्या. दोन पाट मांडायचा, दोन ताटं वाढायचा, दोन-दोन भाकरी. आपलं ताट संपवायचा आणि मग समोरचं ताट हातानं ओढून तेही संपवायचा. तो नैवेद्य नव्हता. नैवेद्य म्हटलं असतं तर कारभारीबाबा उठून आला असता! नैवेद्य नाही म्हटल्यावर कावळ्याला घालायचा प्रश्नच नव्हता. आणि अन्न टाकणं तर पापच. दुसरा कोणी असता तर त्यानं घास बाहेर ठेवून दिला असता, चार दिवस रडला असता आणि मोकळा झाला असता. जयरामला तीही वाट नव्हती. मग ते ताट जाणार कुठं? भूक असो नसो, तो जेवायचा. भूक-बिक त्याला लागतच नव्हती म्हणा.

एकोणऐंशीच्या सुरुवातीला ड्रायव्हर लोकांची तपासणी निघाली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चष्म्यातून बघणाऱ्या, पण बोलायला मोकळ्या. रक्तदाब बघितला, काट्यावर उभं केलं, आणि मग त्याच्या शर्टावर पोटापाशी पडलेल्या काळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"स्टिअरिंग घासतं, बाई."

"वळणावर घासतं?"

"वळणावर जास्त."

"आणि तुम्ही घाटात गाडी चालवता? पन्नास माणसं घेऊन?" बाईंनी पेन खाली ठेवलं. "तीन महिने देते. वजन उतरवा. नाही उतरलं तर मला तुम्हाला गाडीवरून उतरवावं लागेल."

गाडीवरून उतरवणं म्हणजे आगारात हलकं काम. काचा पुसा, हवा बघा, पाच वाजता घरी जा. इतरांना हे सुखाचं वाटलं असतं. जयराम मात्र घाबरला, दीड वर्षात पहिल्यांदा. स्टिअरिंग हातात असलं की रस्ता पुढे येत राहतो आणि माणसाला दुसरं काही करावं लागत नाही. ते गेलं तर रोज संध्याकाळी पाचपासून त्या घरात बसून करायचं काय? त्याला कामाची नव्हे, त्या घराची भीती वाटली.

बाईंनी त्याला कॅलरीचं गणित समजावलं. डिझेल भरलं जास्त आणि गाडी पळाली कमी, तर उरलेलं अंगावर साठणारच. एका भाकरीच्या किती, वाटीभर डाळीच्या किती, चहाच्या किती, असा सायक्लोस्टाइल केलेला कागद दिला. दिवसाला पंधराशेच्या वर जायचं नाही, आणि रोज चढणीवर चालायचं. जयरामला लिहीत बसायचा भारी कंटाळा. त्यानं धोंडाबाईकडून ओंजळभर चिंचोके मागून आणले. एक चिंचोका पन्नासाचा. सकाळी डब्यात तीस चिंचोके मोजून ठेवायचे, खाईल तसे काढून वाटीत टाकायचे, भाकरीला चार, चहाला एक. डबा रिकामा झाला की तोंड बंद. दोन दिवसांत ही बातमी नळावर.

"भाऊ, आज किती क्यालऱ्या खाल्ल्या?" धोंडाबाई विचारायची.

"अजून अकरा चिंचोके आहेत," जयराम गंभीरपणे सांगायचा, आणि बायका पदर तोंडाला लावायच्या.

पहाटेच सायकल काढून तो पांडवलेण्यांच्या पायथ्याशी जायचा आणि पायऱ्या चढायचा. सुरुवातीला मध्येच बसावं लागायचं, धाप लागायची, गुडघे बोलायचे. मग जमायला लागलं. बुद्धपौर्णिमेला तो आणि लता इथं यायचे. ती पांढरं लुगडं नेसायची आणि वर पोचल्यावर आधी चप्पल काढून तळपाय चोळायची. त्याला हे आठवायचं. पण कोणी दुसऱ्याच्या घरातलं सांगावं आणि आपण ऐकावं, तसं. आठवायचं आणि तो उतरायला लागायचा.

दोन महिने गेले. वजन उतरलं ते जेमतेम किलोभर.

डॉक्टरीणबाई चिडल्या. "स्टँडवर भजी खाता. खरं सांगा."

"नाही बाई. शपथ."

"वणीला पेढे?"

"नाही."

"मग काय काटा खोटं बोलतो?"

जयराम तरी काय सांगणार? त्याच्या मते एकही चिंचोका चुकला नव्हता. एकच महिना हातात उरला होता.

त्याचा कंडक्टर सोमा, मूळचा सुरगाण्याकडच्या डोंगरातला. घरी त्यांची बोली निराळी, गाडीत मात्र तो सगळ्यांशी सगळ्यांसारखं बोलायचा. जयरामवर त्याचा जीव. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी हलकी असते असं कुणीतरी सांगितलं म्हणून एका सुट्टीच्या दिवशी तो गावाकडच्या नागलीच्या पिठाची पिशवी घेऊन दुपारी जयरामच्या घरी आला. आल्या माणसाला जेवल्याशिवाय कोण सोडतं? जयरामनं तीन पाट मांडले.

"आन् कोन यायचंय, दादा?"

"कोणी नाही. बस."

सोमा बसला. पहिला घास खाल्ला आणि तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायला, पण बोलला नाही. जयरामनं आपल्या जेवणाचे चिंचोके काढून वाटीत टाकले, शांतपणे जेवला. मग तिसरं ताट ओढलं आणि तेही जेवायला लागला. सोमाचा हात थांबला.

"आन् ह्याचे चिंचोके?"

"ह्याचे कसले?"

"आता खाताय न्हवं तुम्ही?"

"हे माझं नाही. लताचं आहे."

बाहेर ऊन आहे, असं सांगावं इतक्या सरळ त्यानं सांगितलं.

"दादा, रागावू नका. वैनींचं असंल. पन गाडीत जो बसला त्याचं तिकीट फाडायला लागतं. चेकर आला तर मी काय सांगू, ह्यो मानूस बसलाय पन ह्याला धरू नका?"

"सोमा, जेव गप."

"आमच्यात मेल्या मानसाला घास ठिवतात. ठिवून माघारी येतात. तुमच्यात ठिवत नाय, चांगलं हाय. पन तुम्ही ठिवत बी नाय आन् सोडत बी नाय. मंग ते जातंय कुठं, दादा?"

"ऊठ!" जयराम ओरडला. एवढा मोठा आवाज त्याच्याच कानांना ओळखीचा वाटला नाही. "ऊठ माझ्या घरातून! चालता हो!"

भरल्या ताटावरून उठवलं हो पाहुण्याला! कारभारीबाबाच्या घरात असं कधी झालं नव्हतं. सोमानं हात धुतले, पिठाची पिशवी कोनाड्यात नीट ठेवली आणि तो गेला.

जयराम तिथंच बसून राहिला. ताटात अर्धी भाकरी उरली होती. दुपार कलली तेव्हा त्यानं चिंचोक्यांचा डबा पुढ्यात घेतला आणि उगाच, बघू तरी म्हणून, लताच्या ताटाचे चिंचोके काढायला लागला. एका भाकरीचे चार. दुसरीचे चार. डाळीचे. तेलाचे. डबा रिकामा झाला आणि तरी पुरेनात. वाटी भरून काही जमिनीवर सांडले. तो त्यांच्याकडे बघत बसला. दीड वर्ष तो तिला रोज वाढत होता, आणि तिनं एक घासही खाल्ला नव्हता. सगळं त्याच्याच अंगावर होतं. डोक्याला हे कळलं. आत मात्र अजून काही हललं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं वाडग्यात पीठ घेतलं आणि निम्मं परत डब्यात ओतलं. दोघांचं मळायची सवय असलेल्या हाताला तो एवढासा गोळा सापडेना, परातीत नुसता इकडून तिकडे पळायला लागला. दोनच भाकरी झाल्या. त्यानं एकच पाट मांडला. दुसरं ताट धुऊन, पुसून, फळीवर पालथं घातलं.

मग काय, वजन उतरायला लागलं. महिन्याअखेर बाईंनी काट्यावर उभं केलं तेव्हा त्यांचा चेहरा फुलला. "अहो, ह्याला म्हणतात मनावर घेणं! काय केलंत?"

"एक ताट कमी केलं, बाई."

"म्हणजे दोन-दोन ताटं जेवत होतात?" बाई हसल्या.

"हो," जयराम म्हणाला.

अजून उतरवायचंय, पण गाडी चालवा, असं म्हणून त्यांनी सही केली. स्टिअरिंग वाचलं. जयरामला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. सोमाशी त्या दुपारपासून तो कामापुरताच बोलत होता. सोमा बेल द्यायचा, हा गाडी काढायचा.

आणि मग एक दिवस सुरगाण्याला जाताना, वणी मागे पडल्यावर, त्याच्या पोटात कुरतडल्यासारखं व्हायला लागलं. त्याला वाटलं पित्त झालं. घाटात वळणामागून वळण गेलं, शर्ट स्टिअरिंगला लागत नव्हता, आणि पोटातलं ते काही थांबेना. बोरगावला गाडी उभी राहिली तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं. अरे, ही तर भूक! नुसती साधी भूक. लता गेल्यापासून ती लागलीच नव्हती.

त्यानं सीटवरच डबा उघडला. एक भाकरी आणि मेथीची भाजी. अधाशासारखा मोठा घास घेतला आणि चावता चावता थांबला. भाजी खारट होती. खारट म्हणजे, तोंडात धरवेना इतकी. लतानं अशी भाजी कधी कुणाच्या ताटात पडू दिली नसती.

सोमा खिडकीपाशी उभा होता.

"सोमा," जयराम म्हणाला, "भाजी खारट झालीय रे."

"पयल्यापास्नंच हाय, दादा," सोमा हळूच म्हणाला. "त्या दिवशी बी व्हती."

जयरामनं घास गिळायचा प्रयत्न केला. तो जाईना. हनुवटी हलायला लागली, ती त्याला आवरेना. एवढा मोठा माणूस, खाकी कपड्यातला, मांडीवर डबा घेऊन बसलेला.

"सोमा, लता गेली रे."

सोमानं दार उघडलं, पायरीवर चढला आणि त्याच्या मांडीवरचा डबा सांडायच्या आत काढून घेतला.

"हो दादा," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली."

जयराम स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडायला लागला. मागून कुणीतरी ओरडलं, काय झालं, गाडी का सुटत नाही? सोमा मागं वळून म्हणाला, "सुटंल. जरा दम धरा." आणि डब्याचं झाकण लावून तो तिथंच उभा राहिला.