बॉम्बरची खोली

फोन अक्काचा होता. भाऊजी गेले हे तिनं नंतर सांगितलं. आधी म्हणाली, "दार वाजवलं गं मी... दोनदा वाजवलं. आतून ‘हं’ आलं नाही." चहावर साय धरेपर्यंत ती कप हातात घेऊन बाहेरच थांबली होती. मग शेजाऱ्यांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, आधी आत जाऊनही उपयोग झाला नसता. अक्काला ते पटलेलं नाही. दीड महिना झाला, फोन केला की ती मला तेच विचारते, "मी तशीच आत गेले असते तर?"

गेलेल्या माणसाबद्दल चार बरे शब्द लिहायची रीत आहे. माझ्याच्यानं ते होणार नाही.

भाऊजी धारवाडला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. सप्तापुरातल्या त्यांच्या घरात उजेडाची अशी एकच खोली होती आणि लग्नानंतर तिथं खिडकीशी अक्काचं शिलाई मशीन असायचं. आसपासच्या बायका ब्लाउज शिवून घ्यायला यायच्या. मग भाऊजींना विमानांच्या प्रतिकृती करायचा नाद लागला. दोऱ्याची कुसं ओल्या रंगावर बसतात म्हणून मशीन स्वयंपाकघरामागच्या बोळात गेलं. तिथं दिवसाही दिवा लावावा लागे. मी बोलले, तर भाऊजी हसून म्हणाले, "तुझी अक्का काही म्हणत नाही, तुला काय त्रास?"

त्यांचं सगळ्यात लाडकं म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन बॉम्बर, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचं. प्लास्टिकचे सुटे भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे, सांधे लांबीनं, म्हणजे पुटीनं, बुजवून पुन्हा घासायचे. एका खंडेनवमीला ते रंगवून, चिन्हं चिकटवून तयार होतं, वरचा वॉर्निशचा शेवटचा थर तेवढा राहिला होता. अक्कानं सकाळी मिक्सर, मशीन, स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं आणि विमानालाही ओलं बोट लावलं, वर शेवंतीचं फूल ठेवलं. शेपटीवर स्वस्तिक होतं, तिला ते शुभच वाटलं. "तिरकं असलं म्हणून काय झालं?" असं ती मला नंतर म्हणाली.

मी सणाला तिथंच होते. राग आला की भाऊजी कानडीत शिरत. "यार मुट्यार इदन्न?" ओरडले. कुणी हात लावला, हे ते घरात आम्ही दोघीच असताना विचारत होते! अक्का फडक्यानं पुसायला गेली आणि डाग आणखी पसरला. शहरंच्या शहरं जाळणारं ते यंत्र, आणि त्याला विटाळ झाला तो माझ्या बहिणीच्या कुंकवाचा. विमान खोक्यात गेलं. दिवाळी उलटून गेली तरी भाऊजी तिच्याशी बोलले नाहीत. त्याच दिवसापासून घरात नियम झाला, दार वाजवायचं आणि आतून ‘हं’ आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी ते खोकं पुन्हा उघडलं, सगळा रंग खरवडून काढला आणि यंदा विमान पुरं केलं. ते गेले तेव्हा टेबलावर तेच होतं, शेवटचा थर वाळलेला. भेटायला आलेले त्यांचे स्नेही हातात घेऊन बघत होते. "काय पेशन्स सरांचा!" काम सुरेख होतं, मी नाकारत नाही. काचेच्या घुमटाखाली वैमानिकाच्या खुर्चीला पट्टेसुद्धा होते. त्या पट्ट्यांसाठी त्यांना वेळ होता. कुणीतरी म्हणालं, ही खोली अशीच ठेवा, सरांची आठवण म्हणून. अक्का होकाराची मान हलवणार इतक्यात मीच कानडीत म्हटलं, "बेड, नको. काही गरज नाही."

विमान खोक्यात घालून मी कपाटावर ठेवलं. मशीन आम्ही दोघींनी मिळून खिडकीशी नेलं. अक्का जरा वेळ बसली, सुईत दोरा ओवला, म्हणाली, "एका झटक्यात ओवला गं... उजेड बरा आहे."

गेल्या आठवड्यात हुबळीहून तिच्याकडे गेले होते. शेजारणीचं ब्लाउजपीस काखेत धरून अक्का खोलीपाशी आली. बोट वाकवून दार वाजवलं आणि उभी राहिली.

"अक्का, आत कोण आहे? जा की."

"हो गं," म्हणाली, आणि तशीच उभी. कान दाराकडे.

त्या माणसाचा इतका राग मला तो जिवंत असतानाही आला नव्हता. शेवटी मीच तिच्या मागून म्हणाले, "हं."

तेव्हा ती आत गेली.