विहीणबाई, सुवर्णा आणि पट्ट्यांचं भूत

गेल्या रविवारी दुपारी जळगावात थिएटरला जाऊन भुतांचा पिक्चर बघितला. या वयात... हौस म्हणून नाही, नाइलाज होता.

नरडाण्याहून आमच्या विहीणबाई आल्या होत्या. म्हणाल्या, डोळे दाखवायचेत. पण डोळ्यांचे डॉक्टर धुळ्यालाही आहेत आणि त्यांना तेच जवळ पडतं, एवढं मला कळतं.

माझी मुलगी सुवर्णा दोन-अडीच महिन्यांपासून आमच्याकडे पिंप्राळ्यालाच होती. भांडण मसाल्यावरून. विहीणबाईंनी वर्षाचा काळा मसाला केला, आणि हिने पाहुण्यांसमोर म्हटलं, विकतचा बरा लागतो... मग त्या काही बोलल्या आणि हिने बॅग भरली.

सासरी ती त्यांना मम्मी म्हणायची. इथे आल्यापासून नुसतं 'त्या' म्हणत होती. विहीणबाई आमच्या घरात असूनही हिने एकदाही हाक मारली नाही. चहा समोर ठेवायची आणि आत जायची.

सोमवारी त्यांची परतीची गाडी होती. त्या एकट्या परत गेल्या तर पुढे काय, या विचाराने मला घास जात नव्हता. बीपीची गोळी घेतली की नाही तेही आठवेना.

आमच्या घरचीने शेवटी वैतागून सांगितलं, "तिघं तोंडं पाडून बसलाय नुसती. जा ना कुठे पिक्चरला." तिला गुडघ्यांमुळे पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून ती घरीच थांबली.

मी तिकिटाच्या खिडकीवर विचारून घेतलं, बायामाणसांसोबत बघण्यासारखा आहे ना? तो म्हणाला, "बिनधास्त जा आबा, फुल ॲक्शन आहे." ॲक्शन म्हणजे मारामारी, एवढं मला माहीत होतं. भुतांचं तो काही बोलला नाही.

विहिणीच्या शेजारी बसणं बरं दिसत नाही, म्हणून सुवर्णाला मध्ये बसवलं. दोघींच्या मध्ये खुर्चीचा तो हात होता, त्यावर दोघींपैकी कोणीच हात ठेवला नाही. मी बाहेर जायचा दरवाजा कुठे आहे ते बघून ठेवलं.

पिक्चर बाहेरच्या देशातला, हिंदीत बोलणारा. रक्त पिणारा एक गोरा माणूस लाल अस्तराचा कोट घालून मोटारसायकलवरून इमारतीच्या काचेतून आत शिरला. पन्नास जणांना मारलं, पण कोटाची इस्त्री मोडली नाही. रात्रीची वेळ आणि सगळ्यांना गॉगल...

मग एक माणूस चंद्र बघून लांडगा झाला आणि उडत्या हेलिकॉप्टरला लटकला. मढ्यांचे तुकडे शिवून केलेला एक होता, त्याने ट्रक उचलून फेकला. आवाज एवढा की माझी खुर्ची हादरायला लागली. विहीणबाई डोक्यावरचा पदर धरून समोर बघत होत्या. मला वाटलं, झालं... आता या नरडाण्याला जाऊन सांगतील, व्याह्याने मला हे असलं दाखवलं.

तेवढ्यात एक दगडी पेटी फुटली आणि आतून अंगभर पट्ट्या गुंडाळलेला एक जण बाहेर आला. हा काय प्रकार आहे ते मला कळेना. मी सुवर्णाला विचारलं, "हे कोण गं?"

आवाज फार होता म्हणून ती जोरात म्हणाली, "ममी!"

पलीकडून विहीणबाई लगेच त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "काय वं माय?"

पडद्यावर तो पट्ट्यांवाला लांडग्याला बदडत होता.

मग सुवर्णाने पडद्याकडे बोट दाखवलं. हळूच म्हणाली, "तुम्हाला नाही... त्याला ममी म्हणतात."

विहीणबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. "हाऊ? हाऊ ते दवाखानामाईन पळी उना वाटस," म्हणजे हा दवाखान्यातून पळून आलाय वाटतं, असं त्या म्हणाल्या. "आते सांग, तुनी मम्मी हाऊ शे का मी?"

सुवर्णाला जे हसू फुटलं, ते आवरेना. हसता हसता रडायला लागली. विहीणबाईंनी पदराने तिचे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "रडू नको वं, लोके म्हणतीन भूतले घाबरनी." पुढच्या रांगेतल्या एकाने मागे वळून "ओ मावशी, हळू" म्हटलं. त्यालाही त्यांनी सुनावलं.

नंतर पिक्चर काय झाला मला सांगता येणार नाही. दोघी सारख्या बोलत होत्या. कोण कोणाला मारणार, याच्यावर वाद घालत होत्या. रिक्षात सुवर्णा म्हणाली, "मम्मी, मसाला खरंच चांगला होता. मी उगाच बोलले." त्या म्हणाल्या, "माले माहीत शे."

सोमवारी दोघींना मी गाडीत बसवून दिलं.

माझं शिक्षण सातवीपर्यंत, जमलं तसं लिहिलंय. विहीणबाईंना तेव्हा खरंच चुकून ऐकू आलं की त्यांनी मुद्दाम ओ दिली, हे मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. हाक त्यांना नव्हती, तरी त्यांनी ओ दिली... त्यांचे उपकार मी मानतो.