नानांचं भरलेलं पिस्तूल

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी कशेळीला ट्रकांच्या गर्दीत अडकलो होतो. काकी एवढंच बोलली, "तुजे काका गेले. येनार हायस, का आताबी न्हाय?" अंजूरच्या त्या घरात मी पंचवीस वर्षं पाय ठेवला नव्हता. कारण अख्ख्या गावाला ठाऊक होतं. नानांच्या डाव्या हाताची दोन बोटं मी कोयत्याने तोडली होती.

त्याआधी मी त्यांचा लाडका पुतण्या. नानांना हवेच्या जुन्या बंदुका जमवायचं वेड होतं. भिवंडीच्या भंगारवाल्यांकडून आणायचे, रविवारी मांडून बसायचे, तेल लावायचं काम माझं. त्यात एक पिस्तूल न्यारंच होतं. एका वेळी एकच छर्रा घालून त्याची नळीच दगडावर दाबून आत ढकलायची, की ते तयार. चाप ओढला की छर्रा सुटायचा आणि नळी बाहेर यायची. तसं दुसरं त्यांना पुढे कधी मिळालं नाही. "नळी आत ठेवून कदी निजायचं न्हाय," ते दटावायचे, "स्प्रिंग मरते."

भांडण बांधाचं. शेतं गोदामाला द्यायची ठरली आणि माझ्या वडिलांनी मधला बांध हातभर सरकवला. कापणीचे दिवस, आमच्या हातात कोयते. नाना भातावरची पाखरं हाकायला तेच पिस्तूल कमरेला लावून आलेले. आईबहीण निघाली, वडिलांनी सख्ख्या भावाच्या थोबाडीत मारली आणि नानांनी हातभरावरून छर्रा झाडला. तो गाल फोडून दाढेत रुतला. वडील रक्त थुंकत चिखलात बसले. त्यांना सावरताना नाना काय करतायत ते मी पाहिलं नाही; मान वर केली, तर पिस्तूल माझ्या तोंडावर रोखलेलं... मी कोयता घेऊन धावलो. नानांनी पिस्तूल खाली केलं आणि डावा हात आडवा धरला. दुसऱ्या घावाला बोटं बांधावर पडली. मला तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

नानांनी दवाखान्यात सांगितलं, हात मळणीयंत्रात गेला. गावात सांगितलं, पिस्तूल खाडीत फेकलं. मी मात्र चारचौघांत मिशीला पीळ देऊन सांगत राहिलो, "छर्रा संपला होता, नाहीतर म्हाताऱ्याने मलाही टिपलं असतं." वडील वारले तेव्हा नाना दारापर्यंत आले होते. मी त्यांना आत घेतलं नाही.

तेराव्यानंतर काकीने पत्र्याची पेटी माझ्यापुढे सरकवली. अकरा बंदुका, सगळ्या तेल पाजलेल्या, सगळ्या रिकाम्या. तळाशी धोतराच्या फडक्यात ते पिस्तूल होतं. फडक्याला काळे पडलेले रक्ताचे डाग होते.

नळी आत होती.

"जपून," काकी म्हणाली. "भरलेलं हाय. त्या दिसापासून तसंच हाय. मी किती येला बोलले, रिकामं करा. तर बोलायचे, स्प्रिंग मेली तरी चालंल, त्याला एकदा बघू दे."

भाताच्या गोणीवर धरून मी चाप ओढला. नळी आळसावल्यासारखी बाहेर सरकली आणि पांढरा पडलेला छर्रा टपकन माझ्या पायाशी पडला.

काकीने तो उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

"ने," ती म्हणाली. "तुजाच हाय."